उंचावलेल्या गाड्या, खचलेले रस्ते

मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे गोमंतकीय वाचकांना निराळे सांगावयास नको. ज्या घराच्या अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी एकेकाळी सायकल टेकवून ठेवलेली असे, तेथे आज एक मोटार आणि दोन स्कूटर उभ्या असतात. वाहन घरचे झाले म्हणजे त्याच्याविषयी ममत्व वाटू लागते, आणि ममत्व वाटू लागले म्हणजे त्याला सजवावे, आपल्या गरजेप्रमाणे वळवून घ्यावे, ही इच्छाही ओघानेच येते. कोणी आसनांना नवी खोळ शिवून घेतो, कोणी पुढच्या काचेपाशी मंगेशाची वा शांतादुर्गेची तसबीर लावतो. इथवर कायद्याला काही म्हणावयाचे नाही. परंतु गाडीचे सारे ओझे ज्या स्प्रिंगांवर, पाट्यांवर आणि शॉकअब्सॉर्बरांवर तोललेले असते त्या व्यवस्थेला, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात सांगावयाचे तर सस्पेन्शनला, मालकाने हात घातला की प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्याच रस्त्यावरून चालणाऱ्या, धावणाऱ्या, स्कूटरवर मागे मूल बसवून जाणाऱ्या प्रत्येकाचा तो होतो.

गाडी उंच करून घेणाऱ्या, किंवा हौसेखातर ती रस्त्याला घासेल इतकी खाली उतरवणाऱ्या मालकांवर कायद्याचा बडगा येणार, अशी कुजबुज गेली काही वर्षे वाहनचालकांत चालू आहे. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही हा विषय वरचेवर डोकावतो. काही पत्रांतून संताप आहे, काहींतून खरोखरीची अडचण आहे, आणि काहींतून ‘गाडी माझी, पैसा माझा, मग सरकारला काय करावयाचे’ असा सवाल आहे. या तिन्ही सुरांना एकच उत्तर देता येणार नाही. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडणे आम्हांस इष्ट वाटते.

ज्याला लोक नवा कायदा म्हणतात तो मुळात जुनाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून त्याचे ५२ वे कलम वाहनात करावयाच्या फेरबदलांविषयी आहे. मूळ कलमाचा रोख असा होता की, मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला आधी कळवावे, त्याची संमती घ्यावी आणि मग बदल करावा. २००० साली या कलमाचे स्वरूपच पालटले. उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवून दिले आहेत त्यांच्याशी नोंदणी दाखल्यातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाने करूच नये, असे सुधारलेल्या कलमाने बजावले. गॅसवर वा विजेवर गाडी चालविण्यासाठी इंजिनात फेरफार करावयाचा असेल तर त्याला विहित अटींवर वाट ठेवली. अपंग व्यक्तीला चालविता यावी म्हणून गाडीत करावयाच्या सोयींनाही पुढे परवानगीची तरतूद झाली. बाकी दारे बंद झाली. पण ती बंद झाल्याचे गॅरेजवाल्यांना कळले नाही, गाडीमालकांना कळले नाही, आणि खरे बोलावयाचे तर पुष्कळशा अधिकाऱ्यांनाही त्याची आठवण राहिली नाही. कायदा पुस्तकात राहिला आणि गाड्या उंचावत गेल्या.

या झोपेतून सर्वांना जागे केले ते सर्वोच्च न्यायालयाने. केरळातून आलेल्या एका प्रकरणात न्यायमूर्ती अरुण मिश्रा व न्यायमूर्ती विनीत सरन यांच्या पीठाने ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला आणि उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलांना बाध आणणारा फेरबदल कलम ५२ खाली चालणार नाही, राज्याचे नियमही या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १८२अ हे नवे कलम आले. अनुमती नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावेत. चार चाकांवरच्या चार स्प्रिंगा बदलल्या तर तो बदल एक मानावयाचा की चार, याचा खुलासा मात्र त्या कलमात नाही.

गोव्यापुरते बोलावयाचे तर २०१९ च्या दुरुस्तीतील वाढीव दंड आपल्याकडे लगोलग लागू झाले नाहीत. आधी रस्ते दुरुस्त करू, मग दंडाचे पाहू, अशी भूमिका त्या वेळी खुद्द राज्य सरकारने घेतली होती. पुढे एप्रिल २०२२ पासून वाढीव दंड आकारणे सुरू झाले. रस्त्यांचे काय झाले, हे वाचकांनी आपल्या पाठीच्या मणक्यांना विचारावे.

आता मालकांचे म्हणणे. गाडी बेफाम पळविणाऱ्या पोरांची गोष्ट आपण तूर्त बाजूला ठेवू. साधा नोकरदार, ज्याने कर्ज काढून लहानशी मोटार घेतली, तो ती गॅरेजमध्ये नेऊन का उंच करून घेतो? कारण घरची पाच माणसे घेऊन तो जत्रेला वा लग्नाला निघाला की वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर गाडीचे पोट घासते. ‘खर्र’ असा आवाज आला की त्याच्या काळजाचे पाणी होते, आणि मागे बसलेले आजोबा ‘हळू रे, हळू’ म्हणत खिडकीबाहेर पाहतात. मग कोणीतरी त्याला सांगतो की स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबराचे बफर बसवून घे, नाहीतर स्प्रिंगेखाली स्पेसर घाल. खर्च फारसा नाही, काम तासाभराचे. तो ते करून घेतो आणि निश्चिंत होतो. या माणसाला गुन्हेगार म्हणावयास आमची जीभ रेटत नाही. तो कायदा मोडावयास निघालेला नव्हता. तो खड्ड्यातून सुटावयास निघाला होता.

या गृहस्थाच्या बाजूने कायद्याचाही एक मुद्दा मांडता येतो आणि तो तितकासा पोकळ नाही. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय ते सांगितले आहे: वाहनाच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत वैशिष्ट्य पालटते. आणि कलमाचा मूळ आधार आहे नोंदणी दाखल्यातील तपशील. आता आपला नोंदणी दाखला उघडून पाहावा. त्यात गाडीचा वर्ग आहे, रंग आहे, इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक आहे, इंधन आहे, बसण्याच्या जागा आहेत, रिकाम्या गाडीचे वजन आहे. स्प्रिंगेची जाडी नाही, शॉकअब्सॉर्बर कोणत्या बनावटीचा ते नाही, जमिनीपासून गाडीचे पोट किती वर असावे तेही नाही. मग झिजलेला शॉकअब्सॉर्बर काढून त्या जागी दुसऱ्या कंपनीचा, जरा अधिक चांगला बसविला तर मूलभूत वैशिष्ट्य पालटले की नाही? गाडी एका बोटाने उंच झाली तर पालटले काय? आणि वीतभर झाली तर? निरीक्षकाने ‘पालटले’ म्हणावे आणि मालकाने ‘नाही’ म्हणावे, मध्ये मोजमापाचा पत्ता नाही. असा कायदा रस्त्याच्या कडेला कसा राबविला जातो, पावती न फाडता प्रकरण कसे मिटते, याचे वर्णन आम्ही करण्याची गरज नाही. वाचक आमच्याहून अधिक जाणतात.

येथवर वाचून कोणाला असे वाटेल की आम्ही गाड्या उंचावणाऱ्यांची वकिली करीत आहोत. तसे नाही. नोंदणी दाखल्यात स्प्रिंग लिहिलेली नाही म्हणून ती मनास येईल तशी कापावी, ताणावी किंवा फुगवावी, हा युक्तिवाद न्यायालयात काय होईल ते होवो, रस्त्यावर टिकणारा नाही. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांत होत असते. ती ब्रेक लावल्यावर किती अंतरात थांबते, तिचे दिवे किती खाली वळलेले आहेत, हे सारे त्या गाडीची उंची, वजन आणि स्प्रिंगा आहेत तशा गृहीत धरून ठरलेले असते. त्यांतील एक गोष्ट हलविली की बाकीच्या आपोआप हलतात. मालकाला फक्त पोट घासणे थांबल्याचे दिसते. बाकीचे दिसत नाही.

गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो. सरळ रस्त्यावर त्याचा जाच वाटत नाही. परंतु अनमोडचा किंवा चोर्ल्याचा घाट उतरताना वळणावर अकस्मात गुरे आडवी आली आणि चालकाने चाक एकदम फिरविले, तर मूळ उंचीची गाडी जेथे केवळ झुकली असती तेथे उंचावलेली गाडी कलंडू शकते. दुसरी गोष्ट दिव्यांची. पुढची बाजू वर उचलली गेली की दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आषाढातल्या रात्री खाजनातून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना पाणी आणि वरून पावसाचा मारा, अशा वेळी समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला दोन क्षण काही दिसेनासे झाले तर काय होईल याची कल्पना करावी. तिसरी गोष्ट बंपरची. दोन मोटारी आपटल्या तर बंपरला बंपर भिडावा, म्हणजे धक्का तेथेच जिरतो. एक गाडी फार उंच असेल तर तिचा बंपर दुसरीच्या दारावर वा काचेवर चढतो. आणि उंच नाकाच्या गाडीपुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसतच नाही, हे तर प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे.

गाडी खाली उतरविण्याचे वेड याहून वाईट. स्प्रिंगेचे दोन वेढे करवतीने कापून टाकले की गाडी खाली बसते आणि तरुणांच्या दृष्टीला ती देखणी दिसते. पण स्प्रिंगेला दबावयास जागाच उरत नाही. खड्डा आला की चाक उसळते, क्षणभर रस्त्यावरून सुटते, आणि सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच. गोव्याच्या रस्त्यांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मरत आली आहेत. त्यांतील किती मृत्यू कापलेल्या स्प्रिंगांमुळे झाले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. बहुतेकांचे कारण वेग, दारू आणि बेदरकारपणा हेच असते. पण ज्या रस्त्यावर एवढी माणसे मरतात तेथे धोक्यात जाणूनबुजून भर टाकण्याचा हक्क कोणालाही नाही. ‘गाडी माझी’ हे म्हणणे बरोबर आहे. रस्ता मात्र त्याचा एकट्याचा नाही.

विम्याची गोष्टही पुष्कळांना ठाऊक नसते. विमा कंपनीला न कळविता गाडीत बदल केला आणि पुढे अपघात झाला, तर नुकसानभरपाईच्या वेळी तोच बदल कंपनीचा सर्वेक्षक पहिल्यांदा बोटाने दाखवितो. स्पेसर बसविणारा गॅरेजवाला त्या वेळी शेजारी उभा राहावयास येत नाही.

मात्र या साऱ्या चर्चेत ज्याच्याकडे सर्वांत आधी पाहावयास हवे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो म्हणजे मालट्रक. ट्रकच्या मागच्या धुरीवर एकाखाली एक असे पोलादी पाटे बसविलेले असतात. मूळ पाट्यांत आणखी दोन-तीन पाटे घातले की गाडी अधिक ओझ्याखालीही बसत नाही, हे देशभरातल्या ट्रकधंद्यातले जुनेच तंत्र. सस्पेन्शनमधला हा फेरबदल हौसेचा नाही, रोकडा धंद्याचा आहे. गंमत अशी की ओझे पेलण्याची ताकद वाढते ती फक्त पाट्यांची. धुरी तीच, टायर तेच, सांगाडा तोच आणि ब्रेकही तेच. मुभेहून पाच-सहा टन अधिक माल भरलेला ट्रक उताराला लागला की हे ब्रेक काय करतील, हे ज्यांनी घाटात ट्रकमागे गाडी चालविली आहे त्यांना जळक्या वासावरून कळते.

आणि याच ओझ्याने रस्ता फुटतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक महिनोन्‌महिने फिरवून एक मोठा प्रयोग करण्यात आला. त्यातून निघालेला आडाखा आजही जगभरचे रस्ता-अभियंते वापरतात. धुरीवरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारणपणे भाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे धुरीवरचे ओझे दुप्पट झाले तर झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट. या हिशेबाने एक जादा भरलेला ट्रक जे नुकसान एका खेपेत करतो ते करावयाला हजारो लहान मोटारी लागतील.

कायद्यानेही या बाबतीत हात सैल सोडला आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकांची भारमर्यादा वाढविली. दोन धुरींच्या ट्रकाचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. चार टायरांच्या एका धुरीवरचा भार १०.२ टनांवरून ११.५ टन झाला. वाढ किरकोळ वाटते. वरच्या आडाख्याने पाहिले तर या कायदेशीर वाढीनेच त्या धुरीखालची झीज दीडपटीहून अधिक झाली. त्यावर जादा पाटे घालून जे बेकायदा भरले जाते त्याचा हिशेब निराळा. २०१९ च्या दुरुस्तीने जादा ओझ्यासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड ठेवला, हे खरे. पण ओझे पकडावयास वजनकाटा लागतो, आणि तो रस्त्यावर क्वचितच असतो. पाटे मोजावयास मात्र वाकून पाहणारा माणूस आणि एक विजेरी पुरते. उसगाव, तिस्क, सावर्डे, कुडचडे या भागांतल्या लोकांनी खनिजवाहतुकीच्या तेजीच्या काळात, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत, जे रस्ते पाहिले त्यांची आठवण अजून ताजी आहे. त्या काळात ट्रकांच्या खाली किती जण वाकले होते, हा प्रश्न तेथील ग्रामस्थांना आजही विचारावा.

तेव्हा चक्र असे आहे. जादा पाट्यांचा ट्रक रस्ता फोडतो. फुटलेल्या रस्त्यावर पोट घासते म्हणून मोटारमालक गाडी उंच करतो. आणि कायदा पकडावयास निघतो तो मोटारमालकाला, कारण तो सापडावयाला सोपा आहे, त्याच्यामागे संघटना नाही, आणि पाच हजारांच्या भीतीने तो लवकर नरम पडतो.

गतिरोधकांचे प्रकरण तर स्वतंत्र अग्रलेखाचा विषय व्हावे. गतिरोधक कसा असावा याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच घालून दिले आहे. सर्वसाधारण वाहतुकीसाठी, ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा असा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असावा, त्याची पाठ १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीसारखी असावी, त्याच्यावर काळेपांढरे पट्टे रंगवावेत आणि ४० मीटर आधी सूचनाफलक लावावा. म्हणजे तो पसरट असावा. गाडी त्यावर चढून उतरावी, आदळू नये. अशा गतिरोधकावर बाजारातून आणलेली, हात न लावलेली कोणतीही साधी मोटार पोट न घासता जाते. प्रत्यक्षात आपल्याकडे काय आहे? वाड्यावर एखादा अपघात झाला, लोकांनी रस्ता अडविला, आमदार धावून आले की दुसऱ्या दिवशी डांबराचा एक उंचवटा अवतरतो. रुंदी हातभर, उंची कंत्राटदाराच्या मर्जीप्रमाणे. रंग पहिल्या पावसात धुऊन जातो, फलक बहुधा लागतच नाही. काही ठिकाणी तर हे उंचवटे एकामागून एक असे टाकले आहेत की गाडी सरळ असूनही लाटांवर होडी चालावी तशी चालते. लोकांनी गतिरोधक मागितला यात त्यांचा दोष नाही. मुलांना शाळेत पाठविणाऱ्या आईने तो मागावाच. पण तो मानकाप्रमाणे बांधणे हे सार्वजनिक बांधकाम खात्याचे काम आहे. मोटारमालकाने उत्पादकाच्या मापात राहावे असा आग्रह धरणाऱ्या सरकारने आधी स्वतः मापात राहावयास नको काय?

सरसकट बंदीने पोटावर पाय येतो असेही काही लोक आहेत. कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या जीपगाड्यांचे उदाहरण घ्या. पावसाळा ओसरल्यावर भगवान महावीर अभयारण्यातल्या खडकाळ वाटेने, ओहोळांच्या पाण्यातून या गाड्या दिवसभर ये-जा करतात, आणि त्यांच्यावर त्या परिसरातल्या पुष्कळ घरांची चूल पेटते. अशा वाटेवर पाटे आणि शॉकअब्सॉर्बर फार दिवस टिकत नाहीत. तुटलेल्या पाट्याच्या जागी जरा भक्कम पाटा बसवावा असे त्या चालकाला वाटले तर तो प्रवाशांच्या जिवाची काळजीच घेत असतो. आजच्या कायद्याप्रमाणे त्याने कोणाला विचारावयाचे, कोणता कागद भरावयाचा, कोणाकडून तपासून घ्यावयाचे? याला सरळ उत्तर नाही. चांगल्या हेतूने विचारावयास गेलेला माणूस ‘होत नाही’ एवढे ऐकून परत येतो, आणि मग न विचारता करतो.

परदेशांत हा प्रश्न कसा हाताळतात ते पाहिले तर आपल्या कायद्यातले न्यून ठळक होते. अमेरिकेत अलीकडे पिकअप ट्रकची पुढची बाजू उंच व मागची खाली करण्याचे वेड पसरले होते. अशा गाडीत चालकाला समोरचे दिसत नाही आणि दिव्यांचा झोत आकाशात जातो. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ साली त्यावर कायदा केला आणि तो त्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून लागू झाला. तेथेही मालक चिडले, तरुणांनी आपल्या स्वातंत्र्यावर घाला आल्याची ओरड केली. पण कायद्यात माप होते: पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच वा त्याहून अधिक उंच करावयाचे नाही. टेप लावला की प्रकरण संपते. निरीक्षकाच्या लहरीला जागा नाही. शेजारच्या साउथ कॅरोलिनाने २०२३ साली तसाच कायदा केला तेव्हा सुरुवातीचे काही महिने दंड न करता नुसती ताकीद देण्याची सोय ठेवली. ऑस्ट्रेलियात गाडी ५० मिलीमीटरच्या आसपास उंच करावयास साधारणपणे वेगळा दाखला लागत नाही. त्याहून पुढे जावयाचे असेल तर मान्यताप्राप्त अभियंत्याची तपासणी लागते. जर्मनीत तर सस्पेन्शनमधला बदल साधारणपणे तपासून घेऊन गाडीच्या कागदांत नोंदवावा लागतो. हे देश वाहनांच्या बाबतीत आपल्याहून ढिले नाहीत. पण काय चालेल आणि काय चालणार नाही, हे ते आकड्यांत सांगतात.

आपल्या केंद्र सरकारलाही हे अवघड नाही. त्यासाठी कलम ५२ मोडीत काढावयास नको. त्याखालचे नियम स्पष्ट करावयास हवेत. मूळ उंचीपासून किती मिलीमीटरपर्यंतचा फरक गौण मानावयाचा, झिजलेला भाग बदलणे आणि रचना बदलणे यांतील सीमा कोठे, कापलेली स्प्रिंग आणि जादा पाटा यांना पूर्ण मनाई, आणि या दोहोंच्या मधल्या बदलांसाठी तपासणी करून नोंदणी दाखल्यावर शिक्का. एवढे झाले तर प्रामाणिक मालकाला वाट मिळेल आणि हुल्लडबाजाला पळवाट राहणार नाही. दिल्लीला हे सुचेपर्यंत गोव्याच्या वाहतूक खात्याने हात बांधून बसावे असेही नाही. आपल्या निरीक्षकांनी काय तपासावे याची साधी सूचना मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत काढून ती गॅरेजांत आणि पेट्रोलपंपांवर लावता येईल. ज्यांनी अजाणता बदल करून घेतले त्यांना ते काढून टाकण्यास ठरावीक मुदत देता येईल. जुनी गाडी विकत घेणाऱ्याचाही येथे विचार व्हावा; पहिल्या मालकाने कापलेल्या स्प्रिंगेचा दंड तिसऱ्या मालकाच्या माथी बसतो, आणि बिचाऱ्याला स्प्रिंग कापलेली आहे हे निरीक्षकानेच प्रथम सांगितलेले असते.

आणखी एक गोष्ट. ज्या १८२अ कलमाने मालकाला पाच हजारांचा दंड सांगितला आहे त्याच कलमात मानकात न बसणारे सुरक्षाविषयक सुटे भाग विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड सांगितला आहे. कोणते भाग सुरक्षेला अत्यावश्यक, हे केंद्राने जाहीर करावयाचे असते. मग स्पेसर, बफर आणि आखूड स्प्रिंगा उघड्या फळीवर मांडून विकल्या जातात त्या दुकानांकडे कोणी का जात नाही? रोग दुकानात आहे आणि औषध रस्त्यावर शोधले जात आहे. गिऱ्हाइकाला पकडावे आणि विकणाऱ्याला सोडावे, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

हौशी मंडळींना आमचे सांगणे थोडक्यात असे. गाडी सजवावयाची असेल तर रंगाने, आसनांनी, वाटल्यास संगीताने सजवा. रंग बदललात तर नोंदणी दाखल्यावर तेवढी नोंद करून घ्या. पण ज्या भागावर ब्रेक आणि वळण अवलंबून आहे त्याला करवत लावू नका. ट्रकमालकांना आमचे सांगणे याहून कठोर आहे. जादा पाट्यांतून मिळणारे भाडे त्यांच्या खिशात जाते आणि रस्त्याचे पैसे सर्वांच्या खिशातून जातात. हा व्यवहार फार दिवस चालू देऊ नये, असे आम्ही सरकारला सांगणार आहोत आणि सांगत राहणार आहोत.

पावसाळा सरला की रस्त्यांच्या डांबरीकरणाच्या निविदा निघतील. त्या निविदांत प्रत्येक गतिरोधकाची लांबी, रुंदी व उंची लिहिलेली असावी, आणि काम झाल्यावर ती मोजून घेतल्याचा दाखला बिलाला जोडलेला असावा, एवढी अट बांधकाम खात्याने घालावी. ताळगावपासून काणकोणपर्यंत आज उभे असलेले हातभर रुंदीचे उंचवटे काढून तेथे मानकाप्रमाणे गतिरोधक बांधण्याचा कार्यक्रम खात्याने तारखांसह जाहीर करावा. वाहतूक खात्याचा निरीक्षक मोटारीखाली वाकून टेप लावील तेव्हा त्याने त्याच टेपने समोरचा गतिरोधकही मोजावा, आणि तो दहा सेंटीमीटरांहून उंच भरला तर चलनाची दुसरी प्रत बांधकाम खात्याच्या साहाय्यक अभियंत्याच्या नावाने फाडावी. अशी पहिली प्रत ज्या दिवशी फाटेल त्या दिवशी तिचे छायाचित्र आम्ही पहिल्या पानावर छापू.